अक्षराची कड

मांडव्याच्या जेटीवरून अलिबागकडे, तिथून रेवदंडा, मुरूड आणि खाली श्रीवर्धनपर्यंत जा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना फाटकांवर लाकडी पाट्या दिसतात. कुणाचे आडनाव, कुणाच्या आईचे नाव, कुठे ‘घरगुती जेवण मिळेल’, कुठे ‘खोल्या भाड्याने’. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबईकराला हा किनारा आणखी जवळ आला. बंगले वाढले, उतरायच्या जागा वाढल्या, त्यांच्याबरोबर पाट्याही वाढल्या. आता त्यातल्या पुष्कळ पाट्या लेझरने कोरलेल्या आणि आत रंग भरलेल्या असतात. लांबून छान दिसतात. जवळ गेले की जीव हळहळतो. ‘क’च्या पोटात काळा डाग उतरलेला, काना दोन्ही बाजूंनी पिंजारलेला, शिरोरेषेच्या टोकाला रंगाची शेपटी फुटलेली. लाकूड चांगले, रंग चांगला, मशीनही महागाचे. बिघडलेली असते ती फक्त अक्षराची कड.

ही कड मशीन राखत नाही. ती राखते कागदी चिकटपट्टी, जी काम संपल्यावर चुरगाळून कचर्‍यात जाते. गिर्‍हाईक तिच्याबद्दल कधी विचारत नाही, बिलात तिची ओळ नसते, आणि घाईच्या कारखान्यात पहिली काटकसर तिच्यावरच होते. लाकडावर आधी टेप लावायची, टेपसकट अक्षर कोरायचे, टेप तशीच ठेवून वरून रंग मारायचा आणि मग टेप सोलून काढायची. ऐकायला सोपे वाटते. या किनार्‍यावरच्या हवेत ते किती अवघड आहे, हे ज्यांच्या हाताखालून फळ्या जातात त्यांनाच ठाऊक.

कोरून भरलेले अक्षर आपल्याकडे नवे नाही. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव घालून घेणे प्रत्येक घराने केले आहे. दाराबाहेरच्या पितळी पाटीत अक्षरे खोदून त्यात काळी लाख भरायची पद्धतही जुनीच. धातूत हे काम सरळ होते, कारण पितळ रंग पीत नाही. लाख खाचेत भरा, वरचे खरवडा, पाटी घासा, कड आपोआप स्वच्छ निघते. लाकूड मात्र पिते, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

दगडाचे तर विचारूच नका. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना अक्षी लागते. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा, अशी त्याची प्रसिद्धी आहे. श्रवणबेळगोळच्या लेखाच्याही आधीचा, मराठीतला सर्वांत जुना लेख म्हणून त्याचे नाव घेतात. त्याच्या शकाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. कोकणचा राजा केसिदेवराय आणि त्याचा प्रधान भइर्जु सेणुई यांची नावे त्यात आली आहेत. दगडात छिन्नीने घेतलेली ती अक्षरे खार्‍या वार्‍याने झिजली आहेत. आपल्याकडे असे लेख ठळक दिसावेत म्हणून कुणी शेंदूर फासतो, कुणी ऑइलपेंटने अक्षरे गिरवतो. हेतू भक्तीचा असतो, पण गिरवणारा आपल्या अंदाजाने गिरवतो, आणि त्या रंगाखाली मूळ कड कायमची बुजते. कोरलेल्या अक्षरात रंग भरणे ही जबाबदारी आहे, हे मला अक्षीसारख्या जागीच सर्वांत जास्त जाणवते.

लाकडावरच्या अक्षराचे या किनार्‍यावरचे खरे मालक म्हणजे होड्यांचे पेंटर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेच्या आत त्या रंगून तयार व्हाव्या लागतात. नाळेजवळच्या वळत्या फळ्यांवर बोटीचे नाव, बाजूला नोंदणीचा ‘आयएनडी एमएच’ने सुरू होणारा क्रमांक, देवाचे चित्र, वेलबुट्टी. पेंटर खडूत बुडवलेली दोरी ताणून दोन रेघा मारतो आणि मधे ब्रशने अक्षर सोडतो. टेप नाही, साचा नाही. ब्रश टेकवताना जेवढा दाब तेवढाच उचलताना, म्हणून कड धारदार राहते. १९८१ च्या जानेवारीत कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, तेव्हा कचेर्‍यांच्या आणि शाळांच्या पाट्यांवरचा ‘कुलाबा’ अशाच हातांनी बदलला. या हातांची बरोबरी कुठलेही यंत्र करत नाही असे माझे मत आहे, आणि ते बदलण्याचे कारण मला अजून दिसलेले नाही. पण हे हात कमी होत चालले आहेत. गिर्‍हाईकाला चार दिवसांत पाटी हवी असते, तीही मोबाइलवर पाठवलेल्या चित्राबरहुकूम. म्हणून लेझर आले.

लेझरचा एक धागा महाराष्ट्रातूनच निघतो. पाट्यांच्या कामात आजवर सर्वांत जास्त वापरले गेलेले कार्बन डायॉक्साइड लेझर ज्यांनी शोधले ते कुमार पटेल १९३८ साली बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवीधर झाले आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६४ साली त्यांनी हे लेझर जगापुढे ठेवले. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन असते, आणि लाकूड ती जवळजवळ पूर्ण शोषते. किरण पडतो तिथले लाकूड क्षणात वाफ आणि धूर होऊन जाते, मागे काळी, जळकी खाच उरते. आता निळ्या किरणाची छोटी डायोड मशीन टेबलावर मावतात आणि घरोघरी आली आहेत. काम तेच, गती कमी.

टेपचा पहिला उपयोग रंगाशी नसतोच. लाकूड जळताना डांबरासारखा चिकट धूर सुटतो आणि खाचेभोवती तपकिरी डाग पाडतो. शिवणीसारख्या फिकट लाकडावर हा डाग घासूनही पुरता जात नाही. टेप असली की डाग टेपवर पडतो. मास्किंग टेप जन्माला आली तीही अशाच तक्रारीतून. १९२५ साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी ती मोटारी रंगवणार्‍यांसाठी काढली. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची टूम होती, आणि दोन रंगांमधली सीमा सरळ येत नव्हती. शंभर वर्षांनंतर प्रश्न तोच आहे, फक्त पत्र्याच्या जागी साग आला आहे.

अलिबाग तालुक्यातल्या एका कारखान्यात हे काम मी जवळून पाहिले. मालक सुतारघराण्यातले. वडिलांचा रंधा आणि पटाशी भिंतीला लटकवलेली, खाली लेझरचे मशीन. त्यांनी एक बिघडलेली पाटी उलटसुलट करून माझ्यापुढे धरली.

“ताई, शिरोरेषा सोडा, काना बघा. सगळे इथेच फसते.”

फळीतले रेषे आडवे होते, नाव जसे आडवे लिहितात तसे. शिरोरेषा रेष्यांच्या दिशेने धावते. तिची वरची आणि खालची भिंत रेष्यांना समांतर असल्यामुळे रंगाला शिरायला वाट नसते. वाट मिळते फक्त दोन टोकांना, आणि तिथेच शेपट्या फुटतात. काना मात्र रेष्यांना आडवा छेद देतो. लाकडातल्या सूक्ष्म नळ्या, ज्यांतून झाड जिवंत असताना पाणी चढत होते, त्या कान्याच्या दोन्ही भिंतींवर तोंड उघडून बसलेल्या असतात. पातळ रंग पडला की त्या तो ओढून घेतात. वरची टेप कितीही घट्ट असली तरी रंग तिच्या खालून, लाकडाच्या आतून जातो. टेप सोलल्यावर कळते की सीमा वर होती, चोरी खाली झाली. भिंगातून पाहिले तर काना दोन्हीकडे आडव्या काळ्या केसांनी भरलेला दिसतो. ज्या लिपीत बहुतेक अक्षरांना उभा दंड आहे, तिच्यात हा दोष किती वेळा घडणार याचा विचार करा.

यावर त्यांचा उपाय साधा आहे, आणि तोच या सगळ्या कलेचा गाभा आहे. रंगाआधी बिनरंगाचा थर मारायचा.

पायरी अशी. फळीला आधी १८०, मग २४० नंबरचा पॉलिश पेपर. धूळ पुसून सँडिंग सीलरचे दोन हात, मधे पुरेसे वाळवून पुन्हा हलका पेपर. पृष्ठभाग गुळगुळीत आणि बंद झाला की टेप. टेप बोटाने दाबून भागत नाही, रबरी पट्टीने मधून कडेकडे दाबत न्यावी लागते, नाहीतर खाली हवेचे फुगे राहतात. घराला रंग देताना वापरतात ती सुरकुत्यांची टेप इथे चालत नाही, प्रत्येक सुरकुती म्हणजे रंगाला बोगदा. सपाट कागदाची, रुंद रोलची टेप हवी. दोन पट्ट्या शेजारी लावायच्या असतील तर काठाला काठ भिडवायचा. एकीवर दुसरी चढली तर तिथे कागद दुहेरी होतो आणि खाचेची खोली बदलते. मग लेझर. खाच साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. शक्ती जास्त झाली तर टेपचा गोंद वितळून कडेला चिकटतो, आणि नंतर थिनरने पुसायला गेले तर खालचे सीलर निघते.

कोरून झाल्यावर मऊ, कोरड्या ब्रशने काजळी झाडायची. पांढरा किंवा पिवळा रंग भरायचा असेल तर हे काम जीव लावून करावे लागते, कारण काजळी मिसळली की पांढर्‍याचा राखाडी होतो. आणि आता, टेप तशीच असताना, खाचांत पारदर्शक लाकरचा पातळ फवारा. जे झिरपायचे ते हे लाकर झिरपते. नळ्यांची तोंडे त्याने बंद होतात, टेपच्या काठाखाली सुईच्या अग्राएवढी फट असेल तर तीही भरते. लाकर बिनरंगाचे, त्यामुळे झिरपलेले दिसत नाही. ते वाळल्यावर मारलेल्या रंगाला जायला जागाच उरत नाही. रंगही एकदम भरून ओतायचा नाही, पातळ दोन-तीन हात. माझ्या समोर त्यांनी एकाच सागाच्या तुकड्यावर शेजारी-शेजारी दोन काने कोरले, एकाला लाकर दिले, दुसर्‍याला नाही. टेप काढल्यावर पहिला काना पटाशीने घेतल्यासारखा सरळ होता. दुसर्‍याला केस फुटले होते.

“लोक मशीनला नावे ठेवतात,” ते म्हणाले, “आणि हा एक हात वाचवतात.”

टेप कधी काढायची, यावर अर्धे यश. रंग कडक वाळू दिला तर टेपवरचा आणि खाचेतला रंग मिळून एकच पापुद्रा होतो, आणि टेप उचलताना कडेचा टवका घेऊन जातो. फार ओला असताना काढली तर रंगाच्या तारा लोंबतात आणि शेजारच्या लाकडावर पडतात. बोटाला लागत नाही पण नखाने दबतो, तो क्षण धरायचा. टेप सरळ वर खेचायची नाही, स्वतःवरच दुमडून फळीलगत मागे ओढायची. हा क्षण मे महिन्यात भराभर येतो आणि निघून जातो, जुलैत त्याची तासन् तास वाट पाहावी लागते. घड्याळ लावून हे काम होत नाही.

मोठी टेप एका ओढीत निघते. उरतात अक्षरांच्या पोटातले तुकडे. देवनागरीत ते फार. शिरोरेषा ओढली की ‘प’, ‘म’, ‘य’ यांची पोटे वरून बंद होतात. ‘व’, ‘ब’, ‘क’ तर मुळातच बंद. ‘ध’ आणि ‘भ’ यांची शिरोरेषा तुटकी, म्हणून तेवढी मोकळी सुटतात. प्रत्येक बंद पोटात टेपचे एक बेट राहते. काही बेटे ज्वारीच्या दाण्याहून लहान. कोरताना मशीनच्या हवेच्या झोताने एखादे उडून गेले तर त्या अक्षराचे पोट रंगाने भरते, म्हणून हवा कमी ठेवतात आणि रंगाआधी प्रत्येक बेट मोजून घेतात. ती काढण्याचे काम मालकांच्या पत्नीकडे होते. जुन्या पेन्सिलीच्या टोकात शिवणाची सुई बसवलेली, दुसर्‍या हातात चिमटा. सुई बेटाच्या कडेला न टोचता मधोमध टोचायची, किंचित तिरकी करायची, बेट सुईवर चढून येते. कडेला टोचले तर तिथला रंग दुखावतो. वहिनी बोलता बोलता हे करत होत्या, पण ‘म’ आला की बोलणे थांबायचे. त्याच्या गाठीतले बेट सर्वांत चिवट असते असे त्यांनी सांगितले. पाटी कितीला विकली जाते ते सगळे सांगतात. या सुईच्या कामाचे पैसे त्यात वेगळे धरलेले मी कुठे पाहिले नाहीत, आणि ते धरले पाहिजेत.

संगणकावरही मराठी नाव सुखासुखी उतरत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडचे जोडाक्षर तुटते, वेलांटी भलत्या जागी जाते. म्हणून कित्येक कारागीर अजून श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत टाइप करतात. अक्षरांचे ‘कर्व्ह’, म्हणजे नुसत्या बाह्यरेषा, केल्या की दुसरा घोटाळा. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे मशीनला ती जागा पोकळ वाटते, आणि शिरोरेषेत दर अक्षरामागे एक न कोरलेली फट राहते. सगळे आकार ‘वेल्ड’ करून एक केले की प्रश्न सुटतो. माहीत नसेल तर फळी फुकट जाते. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवेत. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून ती वळणे नक्की केली, तरी फुकट मिळणार्‍या फाँटांतून हिंदी वळणे येत राहतात. दुकानांवर मराठी पाटी सक्तीची करणारी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली, २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितले. पाट्या लागल्या, हे चांगले झाले. अक्षराचे वळणही तितक्याच आग्रहाने मागितले पाहिजे.

आता हवेविषयी, कारण रायगडच्या किनार्‍यावर शेवटचा शब्द तिचाच. लाकूड हवेतली ओल घेते आणि सोडते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण १२ टक्के पाणी असते; ९० टक्क्यांना ते २० टक्क्यांच्या घरात जाते. पावसाळ्यात इथे ९० ही रोजची गोष्ट. ओले लाकूड फुगलेले असते. त्यात कोरून रंग भरला, आणि डिसेंबरात ते आक्रसले की खाचेतला रंग भिंतीपासून सुटतो. ओल्या फळीवर टेप धरत नाही. लेझरची काही ताकद पाण्याची वाफ करण्यात जाते आणि खाच उथळ, पिवळट येते. लाकर फवारावे तर ते पांढरे पडते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले पाणी त्यावर दहिवरासारखे धरते आणि लाकरमध्ये अडकते. सागात नैसर्गिक तेल असल्याने तो कमी हलतो, पण त्याच तेलामुळे रंग नीट धरत नाही, म्हणून सीलरआधी थिनरच्या फडक्याने पुसावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यात वाड्याच उघड्या केल्या. आडव्या झालेल्या आंब्या-फणसाच्या फळ्या काहींनी जपून ठेवल्या आहेत. परसातल्या फणसावर घराचे नाव कोरून घेण्याची इच्छा फार सुंदर आहे. पण फणस वर्ष-दीड वर्ष सावलीत वाळलेला हवा. वाळला की त्याचा पिवळा रंग काळ्या अक्षराला असा काही उठाव देतो की साग फिका वाटतो.

एक गोष्ट बजावून सांगायची आहे. टेप महाग पडते म्हणून काही ठिकाणी गाड्यांवर लावायचे व्हिनाइल स्टिकर मास्क म्हणून वापरतात. त्याची कड सुरेख निघते, हे खरे. पण ते पीव्हीसी असते, आणि लेझरखाली पीव्हीसी जळले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो ओलाव्याशी मिळून आम्ल होतो. मशीनच्या पट्ट्या आणि भिंगे खातो, आणि चालवणार्‍याची फुप्फुसेही. दार लावून, एक्झॉस्टशिवाय, एकट्याने रात्री काम करणारी तरुण मुले या धंद्यात आहेत. त्यांच्या घरच्यांनी हे वाचावे म्हणून मुद्दाम लिहिते आहे. लेझरखाली कागदी टेपच लावा. व्हिनाइल लावायचेच असेल तर ते वेगळ्या कटरने कापून, फक्त रंगाच्या वेळी लावा.

घराला पाटी करायची असेल तर पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागली की फळी निवडा, घरात उभी करून वाळू द्या, आणि जानेवारी-फेब्रुवारीत कोरायला टाका. गणपतीआधी हवी म्हणून जुलैत हट्ट धरू नका. कारागिराला एवढेच विचारा की रंगाआधी पारदर्शक हात मारणार का, आणि बेटे सुईने काढणार का. दोन्हीला ‘हो’ आले तर सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका.